गाठबाबाचं पिवळं कापड

बंद पडलेल्या चित्रपटगृहात रविवारी सकाळी नऊ वाजताच पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या. ज्यांना मिळाली नाही ते भिंतीला पाठ लावून उभे होते, आणि उशिरा आलेले पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसले होते. कुणाच्या मानेवर सूज, कुणाच्या पोटात गोळा, कुणाच्या काखेत अवधाणाची गाठ. दारातच प्रत्येकाला हातभर पिवळं सुती कापड मिळत होतं आणि एक सूचना मिळत होती: कापड दुखऱ्या जागी तासभर धरायचं, आणि येताना अंगाला किंवा हाताला साबण लावलेला असेल तर मुकाट्यानं परत जायचं.

जिथं पूर्वी पडदा होता तिथं आता गाठबाबा बसायचा. नाव त्याला लोकांनीच दिलं होतं. पांढरा सदरा, पांढरी दाढी, आणि आवाज असा की मधाचा डबा सांडावा. समोर टेबलावर काचेचे दोन मोठे वाडगे, दोन्हींत नितळ पाणी.

"गाठ देहात दिसते, पण तिचं मूळ मनात असतं," तो सांगत होता. "आणि मनाचा दोरा आमच्या हातात आहे. सुरी कापते, सुई टोचते. आम्ही फक्त सोडवतो."

रंगारी हे सगळं बाजूच्या पडद्याआडून बघत होता. सहा महिन्यांपासून बाबासाठी ही पिवळी कापडं तोच रंगवत होता, पण आत तो आज पहिल्यांदाच आला होता. एरवी बाबाचा कारभारी शनिवारी दुकानात येऊन गठ्ठा घेऊन जायचा. या शनिवारी त्याला जमलं नाही, म्हणून रंगारी स्वतः माल पोचवायला आला, आणि माल टाकून निघण्याऐवजी उत्सुकतेपोटी थांबला.

बाबानं एका हमालाला वर बोलावलं. बाजारात पोती वाहणारा आडदांड गडी, मानेच्या मागे लिंबाएवढी गाठ. बाबानं त्याच्या मानेवरचं पिवळं कापड उचललं, मधोमध चिमटीत धरलं, वर ओढलं आणि त्याभोवती पांढऱ्या दोऱ्याचे करकचून फेरे दिले. एक फेऱ्यांचा पट्टा, बोटभर जागा सोडून दुसरा, मग तिसरा. प्रत्येक फेऱ्याला ओठ हलत होते. मग ते बोचकं पहिल्या वाडग्यात बुडवलं.

पिवळं कापड डोळ्यांदेखत लाल झालं. विटेसारखं गडद लाल. बाबानं दोरा सोडला, कापड झटकून उंच धरलं. लाल कापडाच्या मध्यावर पिवळी वर्तुळं उमटली होती, एकात एक, टक लावून बघणाऱ्या डोळ्यासारखी.

"हा विकार," लाल रंगावर बोट ठेवून बाबा म्हणाला. "आणि हा डोळा म्हणजे तुझी गाठ. दर रविवारी हा लहान होत जाईल. सातव्या रविवारी मिटेल."

त्यानंतर सातव्या रविवारची एक म्हातारी वर आली. तिचं कापड पहिल्या वाडग्यात लाल झालं, पण उघडल्यावर डोळा दिसला नाही. मग ते दुसऱ्या वाडग्यात बुडवलं, आणि लाल रंग हळूहळू उतरून कापड पुन्हा पिवळंधमक झालं. म्हातारी हुंदके देत खाली उतरली. लोकांनी वाकून तिला वाट दिली.

रंगाऱ्याला हसू आलं. चाळीस वर्षं रंगात हात घातलेल्या माणसाला दुसरं काय येणार? सहा महिने जे कोडं त्यानं मुद्दामच सोडवलं नव्हतं ते क्षणात सुटलं. पहिल्या दिवशी कारभाऱ्याला त्यानं विचारलं होतं की हळदीचा कच्चा रंग कशाला हवा, रंग धरायला तुरटीसुद्धा घालायची नाही म्हणता, त्यापेक्षा पक्का पिवळा देतो, वर्षभर हलणार नाही. कारभारी म्हणाला होता, आम्हाला कच्चाच हवा. गिऱ्हाईक मोठं होतं, दर आठवड्याचं होतं. रंगाऱ्यानं पुढं विचारलं नाही. हळदीला सोड्याचं पाणी लागलं की लाल, आंबट लागलं की पुन्हा पिवळी. जिथं दोरा घट्ट बांधला तिथं पाणी शिरत नाही, म्हणून तिथला रंग बदलत नाही. त्याच्या दुकानातला नवा गडी पहिल्या आठवड्यात शिकतो ते इथं देवपण म्हणून खपत होतं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत त्याला ताई दिसली. त्याची थोरली बहीण. पदर छातीवर घट्ट धरून बसलेली, पदराखाली पिवळ्या कापडाचं टोक. त्याचं हसू जिथल्या तिथं विरलं.

आई गेली तेव्हा रंगारी सहा वर्षांचा होता आणि ताई सतरा. लोकांचे कपडे शिवून तिनं त्याला वाढवलं, एका जुन्या रंगाऱ्याच्या हाताखाली कामाला लावलं, लग्न करून दिलं. स्वतःचं करायचं राहूनच गेलं. आता ती दुकानामागच्या खोलीत राहायची आणि त्याच्या कापडांना काठ मारून द्यायची. बाबाच्या कापडांचे काठही तीच शिवत होती. गठ्ठा न्यायला येणारा कारभारी तिच्यापाशी बसून चहा प्यायचा आणि बाबाच्या गोष्टी सांगायचा. म्हणजे बाबा या घरात शिरला तो रंगाऱ्याच्याच गिऱ्हाइकाच्या पावलांनी. आपलेच दात, आपलेच ओठ.

दुपारी तो तिच्या खोलीत गेला. आधी तिनं उडवून लावलं. मग शिवणयंत्राच्या चाकावर हात ठेवून, त्याच्याकडे न बघता, सगळं सांगितलं. छातीत डाव्या बाजूला गाठ आहे. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यात दाखवली होती. डॉक्टरीणबाईंनी सुईच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. ती तपासणीला गेली नाही. सुई लागली की गाठ चवताळते असं कारभारी म्हणाला होता. बाबाकडे तिचे पाच रविवार झाले होते आणि कापडावरचा डोळा पहिल्या वेळी तळहाताएवढा होता तो आता आवळ्याएवढा राहिला होता.

"आणि गाठ?" त्यानं विचारलं.

तिनं चाक उगाच अर्धवट फिरवलं. मग म्हणाली, "गाठ वाढल्यासारखी वाटते. पण बाबा म्हणतात, निघताना फुगते."

रंगारी रागानं उठला. स्वयंपाकघरात जाऊन त्यानं बायकोला पातेलं चढवायला सांगितलं. पाण्यात दोन मोठे चमचे हळद, त्यात धुतलेलं पांढरं सुती कापड, अर्धा तास उकळी. मग पिळून सावलीत वाळत टाकलं. ताईलाही त्यानं तिथं आणून बसवलं आणि कापड वाळेपर्यंत उठू दिलं नाही. तोवर एका परातीत कोमट पाणी घेऊन मूठभर धुण्याचा सोडा विरघळवला आणि दुसरीत सहा लिंबं पिळली. मग कापड चिमटीत धरून दोरा गुंडाळायला लागला, आणि लहान मुलाला शिकवावं तसं सांगत गेला. दोरा सैल ठेवला तर पाणी आत शिरतं आणि वर्तुळ फिसकटतं. घट्ट बांधलं तर कड स्वच्छ येते. कापड जास्त वर ओढलं तर वर्तुळ मोठं, चिमूटभर ओढलं तर लहान. बाबा दर रविवारी जरा कमी कापड ओढतो, एवढंच त्याचं कसब. शेवटच्या रविवारी दोरा नुसता दाखवायला सैल गुंडाळतो, म्हणून डोळा उमटत नाही.

त्यानं कापड सोड्यात बुडवलं. लाल झालं. दोरा सोडला, डोळा उघडला. लिंबाच्या पाण्यात टाकलं, पिवळं झालं.

रंगाऱ्याची बायको परातीकडे बघत राहिली. म्हणाली, "हळदीचा डाग साबणानं लाल होतो हे मी लहानपणापासून बघतेय. का होतो हे कधी विचारलंच नाही."

ताईनं मात्र कापड हातातही घेतलं नाही. "तू करतोस तो रंग आहे," ती म्हणाली. "ते करतात ती कृपा आहे. दिसायला सारखं असेल." आणि दाराशी थांबून म्हणाली, "तुझंच कापड आहे त्यात. तुलाही पुण्यच लागतंय ना?"

हे शेवटचं वाक्य तिनं मनापासून म्हटलं होतं, टोमणा म्हणून नव्हे. म्हणूनच ते त्याच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना भेटला. त्या कामानं पिचलेल्या होत्या आणि चिडलेल्याही. ताईबद्दल काही सांगण्याआधी त्यांनी त्याचंच बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की तपासणी अर्धवट सोडून बाबाकडे गेलेली ही पहिली नाही, आणि जे परत येतात ते उशिरा येतात.

"बहुतेक गाठी साध्या असतात," त्या म्हणाल्या. "नुसत्या तशाच राहतात, कुणाला काही करत नाहीत. त्याच मग त्या बाबाच्या साक्षीदार होतात. पण कुठली साधी आणि कुठली नाही, हे कापड बघून कळत नाही. सुई घालून कळतं. बहिणीला घेऊन या."

घेऊन या म्हणणं सोपं होतं. ताई त्याच्याशी बोलेनाशी झाली होती.

काम सोडून द्यावं असं एकदा त्याच्या मनात आलं. पण त्यानं सोडलं तर कारभारी दुसऱ्या रंगाऱ्याकडे जाणार, आणि तोही पुढं विचारणार नाही. गुरुवारपर्यंत तो तळमळत राहिला. शुक्रवारी त्यानं हळदीचं पिंप बाजूला सारलं आणि पक्क्या पिवळ्या रंगाचं पाणी तयार केलं. छटा जुळवायला त्याला तीन वेळा नमुना काढावा लागला. शेवटी हळदीचं कापड आणि पक्क्या रंगाचं कापड शेजारी ठेवलं तर त्यालाही वास घेतल्याशिवाय ओळखू येईना, म्हणून वासापुरती हळदीची पुरचुंडी त्यानं रात्रभर गठ्ठ्यात ठेवली आणि सकाळी काढून घेतली. शनिवारी कारभारी येऊन माल घेऊन गेला, ताईपाशी बसून चहासुद्धा पिऊन गेला.

रंगाऱ्याचा बेत साधा होता. कापड लाल होणार नाही, बाबा तोंडघशी पडेल, लोक आपोआप समजतील. आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. खरं सांगायचं तर त्याला बाबाची भीती नव्हती, पण 'इतके दिवस तूच रंगवत होतास' हे कुणी म्हणेल याची फार होती. म्हणून रविवारी तो सगळ्यात मागे, दाराजवळ उभा राहिला. खिशात तीन जुनी हळदीची कापडं मात्र होती.

बाबानं त्या दिवशी सगळ्यात आधी ताईला वर बोलावलं.

कापड उचललं, चिमटीत धरलं, दोरा गुंडाळला, ओठ हलवले. वाडग्यात बुडवलं. कापड पिवळंच राहिलं. बाबानं ते दाबलं, ढवळलं, पुन्हा दाबलं. चेहऱ्यावरचं हसू जागेवर होतं, पण कपाळाला घाम आला होता. पाण्याबाहेर काढलेलं कापड ओलं झालं होतं, एवढाच काय तो फरक. कारभारी घाईघाईनं दुसऱ्या माणसाचं कापड घेऊन आला. तेही तसंच. तिसरंही.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. बाबानं हात वर केला आणि ताईकडे वळला. मधाचा डबा आता आंबला होता.

"या बाईनं नेम मोडला आहे," तो म्हणाला. "साबण लावून आली. तिच्या पापानं आज सगळ्यांचं पाणी बाटलं. हिची गाठ आता सुटायची नाही."

शेकडो डोळे ताईवर वळले. पुढच्या रांगेतून कुणीतरी तिला खाली उतरायला सांगितलं, वाईट शब्दांत. ताई तिथंच उभी राहिली, पदर मुठीत धरून. काल रात्रीपासून आपण साबणाला शिवलोही नाही असं ती पुटपुटत होती, आणि तेही अशा सुरात की जणू खरंच कुठंतरी शिवली असेल.

रंगाऱ्याचा बेत तिथं संपला. तो मधल्या वाटेनं चालत पुढं गेला आणि वर चढला.

"तिनं काही केलेलं नाही," तो म्हणाला. "कापड मी बदललं. ही सगळी कापडं सहा महिने मीच रंगवतोय."

कारभारी त्याच्या अंगावर धावला. पण मानेवर गाठ असलेला तो हमाल पुढच्या रांगेत होता. तो उठून मध्ये उभा राहिला. रंगाऱ्याची बाजू घेण्यासाठी नव्हे. त्याला ऐकायचं होतं. एवढ्या मोठ्या माणसाला कारभारी हलवणार कसा?

रंगाऱ्यानं खिशातलं हळदीचं कापड काढलं. हे कुणाच्याही अंगाला लागलेलं नाही, पेटीत पडून होतं, असं त्यानं सांगितलं. बाबा करायचा तसंच चिमटीत धरलं, फेरे दिले, आणि बाबाच्याच वाडग्यात बुडवलं. कापड लाल झालं. सोडलं तर मध्ये डोळा. तो त्यानं लोकांसमोर धरला.

"हा डोळा कुणाच्या गाठीचा?" त्यानं विचारलं. "पेटीच्या?"

मग त्यानं पहिल्या वाडग्यात बोटं बुडवून एकमेकांवर घासली आणि हमालालाही तसं करायला सांगितलं. बोटं बुळबुळीत लागली. धुण्याचा सोडा. दुसऱ्या वाडग्याच्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवला. आंबट. लिंबाचं सत्त्व. साबण का नको, तेही त्यानं सांगितलं: साबणाच्या हातानं हळदीचं कापड धरलं तर ते वाडग्यापर्यंत पोचायच्या आधीच लाल होईल, आणि मग बाबाला करायला काही उरणार नाही.

हमालानं दुसरं कापड त्याच्याकडून मागून घेतलं. जाड बोटांनी कसाबसा दोरा गुंडाळला, मंत्र वगैरे काही न म्हणता बुडवलं. वर्तुळ वाकडंतिकडं आलं, पण आलं. त्यानं ते उलटंपालटं करून बघितलं. मग बाबासमोर टेबलावर ठेवून म्हणाला, "माझं चुकलं का सांगा."

बाबा विज्ञानाच्या गर्वाबद्दल काहीतरी बोलू लागला, पण त्याचं ऐकायला आता कुणी तयार नव्हतं. मात्र लोकांनी रंगाऱ्याला डोक्यावर घेतलं असंही नाही. पोटात गोळा असलेल्या एका बाईनं त्याला अडवलं. तिचे डोळे कोरडे होते.

"सहा महिने रंगवत होतास तेव्हा कुठं गेलं होतं तुझं शहाणपण?"

"विकलं होतं," रंगारी म्हणाला.

बरेच जण त्याच्यावर चरफडत बाहेर पडले. बाबा लुबाडत होता याचा राग होताच, पण आशा काढून घेतल्याचा राग त्याहून मोठा होता. सोमवारी लोक तक्रार द्यायला चौकीत गेले तोवर बाबा आणि कारभारी गाव सोडून पसार झाले होते. वाडगे तेवढे राहिले होते.

ताई त्या रविवारी एकटीच घरी गेली आणि दार लावून बसली. रंगाऱ्यानं दोनदा हाक मारली, मग मारली नाही. सोमवारी सकाळी ती चपला घालून त्याच्या दारात उभी होती. हातात घडी पडून मऊ झालेला कागद.

"चिठ्ठी ठेवली होती मी," ती म्हणाली. "फाडली नव्हती. चल."

तपासणीत जे निघायला नको होतं तेच निघालं. शस्त्रक्रियेत डावी बाजू पूर्ण काढावी लागली. दोन महिने आधी आली असती तर नुसती गाठ काढून भागलं असतं का, असं रंगाऱ्यानं विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खोटा दिलासा दिला नाही आणि भीतीही घातली नाही. कदाचित, एवढंच म्हणाल्या. ते एक कदाचित रंगारी आजही उशाशी घेऊन झोपतो. हमालाची गाठ निव्वळ चरबीची निघाली. त्यानं ती अर्ध्या तासात काढून घेतली आणि दहाव्या दिवशी पुन्हा पोती उचलायला लागला. गोळा असलेली ती बाई दवाखान्यात आली की नाही, ते कुणाला कळलं नाही.

ताई वाचली. डावा हात वर न्यायला तिला चार महिने लागले. मशीनवर बसायला लागल्यावर पहिलं काम तिनं काय केलं, तर रंगाऱ्याला पांढऱ्या कापडाचा तागा आणायला लावला, त्याचे रुमाल कापले आणि रविवारची सकाळ ठरवून टाकली. तेव्हापासून दर रविवारी दुकानाच्या अंगणात कुणीही यावं, फुकट शिकावं. रंगारी दोरा बांधायला शिकवतो, बायको हळदीचं पातेलं सांभाळते, ताई सोड्याच्या परातीपाशी बसते. मुलं येतात, बाया येतात, कधी कधी बाबाच्या सभेत रडलेले लोकही येतात आणि खाली मान घालून वर्तुळं काढतात. पहिल्यांदा सगळ्यांचीच फिसकटतात. दोरा आणखी घट्ट बांधा, असं ताई सांगते.

एकदा दूरच्या वस्तीवरून एक तरुण मुलगी आली. तिला रंगकाम शिकायचं नव्हतं. इथं गाठीचं कापड मिळतं असं तिनं कुठंतरी अर्धवट ऐकलं होतं. ताईनं हात पुसले, तिला आत नेलं आणि आपल्या अंगावरचा व्रण दाखवला. बाहेर आल्यावर म्हणाली, "गाठ कापडाला मारायची असेल तर बस, शिकवते. अंगात असेल तर आधी दवाखाना. मी येते सोबत." आणि परात तशीच ठेवून गेलीसुद्धा.

गाठबाबा आज कुठल्यातरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या नावानं बसला असेल. कदाचित कापडाऐवजी दुसरं काही बुडवत असेल. तो तुमच्या गावात आला तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. बोलण्यात तो तुम्हाला हरवेल. फक्त एवढंच विचारा, कापड माझ्या घरचं चालेल का, पाणी माझ्या नळाचं चालेल का, आणि दोरा मी बांधला तर चालेल का? खरं असेल तर काहीही चालतं. चालत नसेल, तर उठा आणि डॉक्टरकडे जा. उद्या नको, आजच जा.